शोकेसमधले पांढरे डाग

“हा फोटो तुमच्याच हातचा ना, मोहनराव?”

कासारकाकांनी पाकीट काउंटरवर ठेवलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. एप्रिलची दुपार होती. त्र्याऐंशी साल. आमच्या धामणसरला लग्नसराई ऐन रंगात आली होती आणि माझ्या स्टुडिओत बसायला जागा नव्हती. म्हणजे बाक एकच होता आणि त्यावर हेडमास्तर पुंडे सर बसले होते. ते बसले की दुसऱ्याला जागा उरत नसे.

मी पाकीट उघडलं. आत कालिंदीचा फोटो होता. कालिंदी ही कासारकाकांची धाकटी मुलगी. बाजारपेठेतल्या त्यांच्या दुकानात बापाशेजारी बसून बायकांच्या हातांत बांगड्या भरायची. दोन आठवड्यांपूर्वी मीच तिचा फोटो काढला होता, स्थळाला पाठवण्यासाठी. मध्यस्थ दोनच्या एस.टी.ने निघणार होता म्हणून काकांनी घाई केली होती आणि मी तो तसाच ओलसर त्यांच्या हातात दिला होता.

फोटोसोबत एक पोस्टकार्ड होतं. ‘मुलगी नाकीडोळी नीटस आहे. परंतु फोटोत गालावर व गळ्यावर पांढरे डाग स्पष्ट दिसतात. आमच्या घरात कोडाचा विषय चालणार नाही. क्षमस्व.’

कोणाच्या मुलीबद्दल असं लिहायचं आणि तेही उघड्या कार्डावर! म्हणजे ते पोस्टात वाचलं गेलं, पोस्टमनने वाचलं, आणि काकांच्या हातात पडायच्या आत अर्ध्या पेठेला पाठ झालं.

“तिच्या अंगावर तिळाएवढा डाग नाही हो,” काका म्हणाले. “मी बाप आहे, मला दिसत नसंल. पण तिची आई रोज वेणी घालते तिची. हे फोटोत कुठनं आलं, तेवढं सांगा.”

मी भिंग घेतलं. तीन डाग होते. एक डाव्या गालावर, कानाजवळ, आणि दोन गळ्यावर. कडा वेड्यावाकड्या, आतून फिकट. फोटो काढताना मी तिचा चेहरा पाहिला होता का? पाहिला असणारच, पण फोटोग्राफर चेहरा पाहतो म्हणजे प्रकाश पाहतो. त्यातून तिने पावडर लावलेली, वर माझे दोन दिवे. मला काही म्हणजे काही आठवेना.

‘ठेवून जा काका, बघतो,’ एवढं म्हटलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण बाकावर पुंडे सर कान टवकारून बसले होते, भिंतीवर वडिलांच्या हातची ‘कामात चोख’ अशी पाटी होती, आणि माझं वय तीस होतं. त्या वयात माणसाला स्वतःची चूक सोडून सगळ्यांच्या चुका दिसतात.

“काका,” मी म्हणालो, “कॅमेरा खोटं बोलत नाही. समोर असतं तेच तो दाखवतो.”

काकांनी टोपी घातली, पाकीट उचललं आणि ते पायऱ्या उतरले.

“बरोबर बोललात,” पुंडे सर म्हणाले. “शास्त्र आहे ते. शास्त्राला भीड नसते.”

शाळा सुटेपर्यंत माझं ते वाक्य पुंडे सरांनी गावभर पोहोचवलं. शास्त्राला भीड नव्हती, तशी त्यांनाही नव्हती.

तिसऱ्या दिवशी मी जेवायला घरी आलो. घर म्हणजे स्टुडिओच्या मागच्याच दोन खोल्या. माझ्या बायकोला, सिंधूला, सातवा महिना लागला होता आणि चार दिवसांनी डोहाळजेवण होतं. तिने ताट माझ्यापुढे अशा काही आवाजात ठेवलं की मी न विचारताच ओळखलं, आज आपली धडगत नाही.

“काय झालं?”

“कासारांकडे गेले होते. डोहाळजेवणाचं सांगायला.” तिने हात पुढे केले. दोन्ही हातांत हिरवा चुडा होता. “आणि भरूनही आले. कालिंदीकडून.”

मी ताट पुढे ओढलं.

“दुकानात सहा बायका होत्या. सहाही जणी काकांपुढे हात धरून बसलेल्या. ‘काका, तुम्हीच भरा.’ आणि ती पोरगी कोपऱ्यात बसून दोऱ्यात बांगड्या ओवत होती. मान वर करत नव्हती. मी तिच्यासमोर बसले आणि हात तिच्या मांडीवर ठेवला. तर विचारते कशी, ‘वहिनी, तुम्हाला चालेल?’” सिंधूने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे आदळला. “अहो, एक वीत अंतरावरून पाहिलं मी तिचं तोंड. अर्धा तास. गाल, गळा, मान. पुसलेल्या काचेसारखा चेहरा आहे तिचा. काय बोलून बसलात तुम्ही!”

“पण डाग फोटोत आहेत, सिंधू. मी भिंगातून पाहिलेत. ते मग आले कुठून?”

“ते मला काय ठाऊक? तुमचं शास्त्र तुम्हाला माहीत. आधी जेवा.”

मी डाळीला हात घातला. दाणे टणक.

“आज पण कच्ची?”

हा प्रश्न त्या दिवशी मी विचारायला नको होता. सिंधू उठली, तिने कोनाड्यातलं रिकामं स्टीलचं ताट घेतलं, पिंपातल्या पाण्याने खळबळून धुतलं आणि अंगणातल्या उन्हात टेकवून ठेवलं.

“पाडव्यापासून घसा कोरडा करतेय मी. नदी आटली, नगरपालिकेनं नळाला बोअरचं पाणी सोडलं, ते पाणी जड आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केसांची जट झाली. तुम्ही काय म्हणालात? ‘तुझी चूल मंद असेल.’ पालथ्या घड्यावर पाणी! आता या इकडं.”

मी अंगणात गेलो. ते ऊन असं होतं की ताट तेवढ्यात वाळलंही होतं. त्याच्यावर जिथे जिथे थेंब राहिला होता तिथे तिथे एक पांढरा डाग उमटला होता. कडा वेड्यावाकड्या, आतून फिकट.

मी खाली बसलो. ताट उचलून तिरपं केलं, सरळ केलं, पुन्हा तिरपं केलं.

“हे निघतं कशानं?” मी विचारलं.

“पाण्यानं निघत नाही. लिंबाची फोड घासते मी.”

जेवण तसंच टाकून मी डार्करूमकडे पळालो. त्या काळी आम्ही फिल्म धुवायचो ती नळाच्या पाण्यात. शेवटचं पाणी झालं की ओल्या मऊ चामड्याने हलकेच पुसून ती दोरीला चिमट्यात लटकवायची, असं वडिलांनी शिकवलं होतं. पण लग्नसराईत दिवसाला आठ-आठ रोल असायचे. पुसणं मी केव्हाच सोडून दिलं होतं. नदीचं पाणी होतं तोवर बिघडलंही नाही काही. ते मऊ पाणी वाळलं की मागे काही ठेवत नसे.

कालिंदीची निगेटिव्ह काढली आणि खिडकीशी धरून भिंग लावलं. सरळ पाहिलं तर काही नाही. तिरपी केली आणि गुळगुळीत बाजूवर तीन वाळलेले थेंब चमकले. एक गालावर, दोन गळ्यावर. त्या पापुद्र्याने निगेटिव्हमधून कागदावर पडणारा एन्लार्जरचा उजेड अडवला होता, आणि जिथे उजेड अडतो तिथे कागद पांढरा राहतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

मग पाडव्यानंतरच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या. जिकडे तिकडे थेंब! बहुतेक भिंतीवर, पडद्यावर, साडीवर पडलेले, म्हणून नजरेत आले नव्हते. चेहऱ्यावर पडलेले मी छापलेल्या कागदावर ब्रशच्या टोकाने झाकून टाकले होते, धुळीला शिव्या देत. फक्त त्या घाईच्या दुपारी, त्या एका फोटोवर, ब्रश फिरवायला मला वेळ मिळाला नव्हता.

लिंबाचं काम करणारं ॲसेटिक ॲसिड माझ्या फळीवरच होतं. चार थेंब पाण्यात टाकून निगेटिव्ह बुडवली. समोरच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणून तिच्यात धुतली, वडिलांचं चामडं शोधून काढलं, पुसली, वाळवली आणि छापली. ट्रेमध्ये कागदावर चेहरा हळूहळू उगवला. गाल स्वच्छ. गळा स्वच्छ. मी तिथेच भिंतीला टेकून मोठ्याने हसलो. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

तो फोटो घेऊन मी कासारांच्या दुकानात गेलो. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. कालिंदी कोपऱ्यात बांगड्या ओवत होती. मी सगळं सांगितलं. ताट, थेंब, ॲसिड. हात जोडून म्हणालो, “काका, चूक माझी होती. हा घ्या, स्वच्छ.”

काकांनी फोटो दोन्ही हातांत धरून पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. पण फोटो त्यांनी परत माझ्यापुढे केला.

“मोहनराव, माझा इश्वास आहे. गावाचा कसा बसंल? मागच्या साली पाटलांच्या सुनेच्या तोंडावरचे देवीचे वण तुम्ही ब्रशनं घालवले, ते सगळ्या गावानं पाहिलंय. ह्याला पण तेच म्हणतील, कासारानं पोरीचा फोटो पुसून आणला. तुमचा कॅमेरा खोटं बोलत नाही हे गावानं ऐकलं. आता तुमचा ब्रश पण खोटं बोलत नाही, हे मी कोणाकोणाला सांगत फिरू?”

कालिंदीने मान वर केली नाही. दोऱ्यात बांगड्या पडत होत्या, एकीवर एक, त्यांचा आवाज येत होता.

घरी येईपर्यंत मला एक उपाय सुचला. एकाचा डाग पुसून भागणार नव्हतं. गावाचे सगळे डाग बाहेर काढायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ बंद ठेवला आणि पाडव्यानंतरच्या निगेटिव्हमधून चेहऱ्यावर थेंब पडलेल्या निवडल्या. अकरा निघाल्या. ब्रश कपाटात टाकला आणि अकराही मोठ्या आकारात जशाच्या तशा छापल्या. नगराध्यक्षांच्या कपाळावर बरोबर मधोमध. कीर्तनकार बुवांच्या दोन्ही गालांवर. फौजदारसाहेबांची अर्धी मिशी गायब. माझ्या सिंधूच्या हनुवटीवर आणि कानाच्या पाळीवर. आणि पुंडे सरांच्या नाकाच्या शेंड्यावर, जणू कोणी चुन्याचं बोट टेकवावं तसा. ते सगळे बाहेरच्या शोकेसमध्ये लावले आणि वर माझ्या हाताने पाटी लिहिली: ‘हे डाग कोणाच्याही अंगावरचे नाहीत. पाडव्यापासून नळाला येणाऱ्या जड पाण्याचे आहेत. निगेटिव्ह न पुसता वाळवली, ही चूक आमची. मोहन डांगे.’

पुढच्या सकाळी नऊ वाजेपर्यंत शोकेसपुढे जत्रा जमली. पाटी वाचायच्या आधी लोक हसत, वाचल्यावर जास्त हसत. बायका आपापसात बोलायला लागल्या, “अगं, माझ्या हंड्यावर हेच बसलंय. आणि माझ्या तव्यावर!” मला काही समजावून सांगावंच लागलं नाही. प्रत्येकीच्या घरात साक्षीपुरावा होता. हे न कळलेला मीच काय तो गावात शेवटचा उरलो होतो.

पुंडे सर गर्दीतून वाट काढत आले.

“हे काय चालवलंय, डांगे? माझ्या नाकाला काय झालंय?”

“काही नाही सर. फोटोत आहे फक्त.”

“पण लोकांना वाटेल ना...”

“काय वाटेल सर?”

मागून कोणीतरी म्हणालं, “शास्त्राला भीड नसते, सर!” आणि जो हशा उठला तो थेट पोस्टापर्यंत गेला असेल. सरांनी नाकावरून एकदा बोट फिरवलं, पाटी पुन्हा नीट वाचली आणि हळू आवाजात म्हणाले, “मी फार बोललो त्या दिवशी.” त्या माणसाला मी त्या क्षणी सगळं माफ केलं. मला स्वतःला करायचं राहिलं होतं.

चार वाजता कासारकाका आले. सोबत कालिंदी. ती शोकेसपुढे उभी राहिली आणि एकेक फोटो पाहत गेली. सिंधूच्या फोटोपाशी थोडी हसली. मग माझ्याकडे वळली.

“मोहनदादा, माझा कुठाय?”

“तुझा? तुझा मी मुद्दाम नाही लावला. पुरे झालं की तुला.”

“सगळ्यांचे लावले आणि माझाच नाही. मग लोक काय म्हणतील? ह्यांचे पाण्याचे, आणि हिचे निराळे.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कासारकाका म्हणाले, “पोरी, असू दे आता.” पण तिने त्यांच्या खिशातून ते पाकीट काढलं, आतून परत आलेला तो फोटो घेतला, शोकेसची काच सरकवली आणि नगराध्यक्ष आणि पुंडे सर यांना थोडं बाजूला करून मधोमध टोचून लावला. काच लावताना तिच्या हातातल्या बांगड्या वाजल्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी आमच्या ओसरीवर पंचवीस बायका जमल्या होत्या. बांगड्या भरायला कासारकाका आणि कालिंदी पेट्या घेऊन आले. मी दाराआडून पाहत होतो. दोघं शेजारी शेजारी बसले. कोण कोणापुढे बसतं याकडे माझे डोळे लागले होते. सगळ्यांत आधी पुंडे सरांची बायको उठली, कालिंदीसमोर ऐसपैस मांडी घालून बसली आणि म्हणाली, “भर गं. आणि जरा घट्टच भर, माझ्या हातांत टिकत नाहीत.” मग एकामागून एक बायका तिच्यासमोर सरकत राहिल्या. काकांपुढे कोणीच येईना. ते रिकामे बसून पेटीवर ताल धरत होते. मी आत जाऊन डोळे धुतले, जड तर जड पाण्याने.

मध्यस्थाने सगळं त्यांच्या कानावर घातलं असावं; आठ दिवसांनी त्या स्थळाचं दुसरं पत्र आलं. या वेळी बंद पाकीट. ‘गैरसमज दूर झाला, पुढे जाण्यास आमची हरकत नाही.’ काका पत्र घेऊन स्टुडिओत आले, कालिंदी बरोबर होती.

“काय लिहू?” काकांनी तिलाच विचारलं.

“एवढंच लिहा,” ती म्हणाली. “डाग खरे असते तर?”

काकांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं, खिशातून कार्ड काढलं आणि तेवढं एकच वाक्य लिहिलं. उघड्या पोस्टकार्डावर. सही केली आणि मोकळं हसले, ते पहिलं कार्ड आल्यापासून पहिल्यांदाच. त्या कार्डाला उत्तर आलं नाही.

माझी पाटी फार दिवस टिकली नाही. नळाच्या पाण्याबद्दल जाहीर लिहिलेलं नगराध्यक्षांना कसं चालणार? नगरपालिकेचा शिपाई आला आणि पाटी घेऊन गेला, जाताना अध्यक्षांचा फोटोही. मग पुंडे सरांनी आपला नेला, बुवांनी नेला, फौजदारांनी माणूस धाडला. सिंधूने स्वतःचा काढून घेतला. पाऊस झाला, नदी वाहती झाली, नळाला पुन्हा मऊ पाणी आलं आणि डाळ पहिल्या वाफेला शिजू लागली. दिवाळीपर्यंत शोकेसमध्ये एकच फोटो राहिला होता. मी दोनदा कालिंदीला विचारलं, “काढू का?” दोन्ही वेळा ती म्हणाली, “राहू द्या.”

पुढल्या वर्षीच्या वैशाखात तिचं लग्न झालं. नवरा मुलगा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक, नव्याने बदलून आलेला. फोटो अर्थात मी काढले. निगेटिव्ह डिस्टिल्ड वॉटरमध्ये धुवायच्या हे ठरवूनच गेलो होतो. पंगती उठल्यावर जोडीचा फोटो घेण्यासाठी दोघांना खुर्च्यांवर बसवलं आणि गप्पा म्हणून विचारलं, “काय हो, स्थळ कोणी सुचवलं?”

“कोणी नाही,” तो म्हणाला. “दिवाळीत नवीन आलो तेव्हा तुमच्या शोकेसमध्ये पाहिली हिला.”

मी कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढलं. दिवाळीत तिथे पाटी नव्हती. दुसरे फोटो नव्हते. पाण्याबद्दल त्याला तिथे सांगणारं कोणीच नव्हतं.

“त्या फोटोत डाग होते,” मी म्हणालो.

“दिसले की.”

“मग?”

“मग काय? शेजारच्या पानवाल्याला विचारलं, ही कोण, राहते कुठं.”

कालिंदी त्याच्याकडे बघत होती. मी पुन्हा कॅमेऱ्यामागे गेलो, पण थोडा वेळ मला समोरचं काही नीट दिसेना.